चूक दुसऱ्याची, पहिले हजार आपले

आषाढ लागला की जव्हारचा डोंगर ढगात शिरतो. त्र्यंबकहून घाट उतरून मोखाड्याकडे येणारी वाट असो की विक्रमगडहून वर चढणारी, समोरच्या गाडीचे दिवे अगदी जवळ आल्याखेरीज दिसत नाहीत. याच रस्त्यावर जव्हार-मोखाड्याची बाजारपेठ जगते. किराणा, कापड, भांडी, बियाणे, खते यांच्या खरेदीसाठी एका टोकाला नाशिक आणि दुसऱ्या टोकाला मनोरवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग, भिवंडी, मुंबई. या दोन टोकांमध्ये येथील दुकानदाराची गाडी वर्षभर फिरत असते. घरची मंडळी म्हसरूळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राला दर्शनासाठी निघाली, तरी वाट हीच.

अशा एका दुकानदाराचे उदाहरण डोळ्यासमोर आणावे. नाव कोणाचेच नाही, कारण हा प्रसंग कोणाच्याही वाट्याला येण्याजोगा आहे. दर्शन आटोपून परतणारे चौघांचे कुटुंब, साडेतीन वर्षांची बाराशे सीसीची गाडी, चालवणारा हात सावध आणि वेग बेताचा. वळणावर खताच्या गोण्या भरलेली पिकअप आपली बाजू सोडून आली आणि गाडीचा पुढचा उजवा कोपरा चेपून थांबली. कोणालाही खरचटले नाही, हे मोठेच भाग्य. पिकअप वावरच्या बाजूची, चालक पोरसवदा. त्याने खाली उतरताच हात जोडले. “शेठ, चूक माझीच झाली. वळण दिसलंच नाही.”

चूक कोणाची, याविषयी इतकी एकवाक्यता अपघाताच्या जागी क्वचितच आढळते. म्हणूनच चार दिवसांनी विमा प्रतिनिधीने दुरुस्तीचा हिशेब समोर ठेवला तेव्हा दुकानदाराला धक्का बसला. बिलातून काही रक्कम घसाऱ्यापोटी वगळलेली होती आणि तळाशी आणखी १००० रुपये ‘कंपल्सरी डिडक्टिबल’ म्हणून वजा केलेले होते.

“अहो, पण चूक तर त्याची होती ना?”

“होती, शेठ. तरीही हे हजार तुमचेच.”

या एका ‘तरीही’भोवती बराच गैरसमज साठलेला आहे. सर्वसमावेशक पॉलिसीचे दोन भाग असतात. एक भाग आपल्या गाडीचे नुकसान भरून देतो, दुसरा आपल्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान. पहिल्या भागात विमा कंपनी आणि गाडीमालक यांच्यातला करार असा असतो की प्रत्येक दाव्यातील पहिली ठरावीक रक्कम मालकाने सोसावी आणि तिच्यावरचे कंपनीने द्यावे. खासगी मोटारीसाठी ही अनिवार्य वजावट १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये आहे. करार कंपनीशी आहे, पिकअपवाल्याशी नाही. त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्न त्या कलमात उद्भवतच नाही. झाड पडले, माकडाने काच फोडली, मालकाने स्वतः भिंतीवर गाडी घातली किंवा उभ्या गाडीला कोणी धडक दिली, पहिले हजार मालकाचेच.

यावर आणखी एक वजावट असते, ती मात्र ऐच्छिक. हप्ता वाचावा म्हणून काही जण २५००, ५०००, ७५०० किंवा १५,००० रुपयांची जादा वजावट स्वतःहून पत्करतात. जुन्या दरपत्रकानुसार १५,००० रुपयांच्या वजावटीला हप्त्यात ३५ टक्के सूट मिळे, पण वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपयांपर्यंतच. म्हणजे २५०० वाचवण्यासाठी १५,००० चा धोका अंगावर घेणे. वर्षातून दोन-तीनदाच गाडी बाहेर काढणाऱ्या शहरातील गृहस्थाला हा सौदा परवडेलही. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याला तो परवडणारा नाही. पॉलिसी घेताना प्रतिनिधीने ‘हप्ता कमी करून देतो’ म्हटले, तर तो कशाच्या बदल्यात कमी होतो आहे, हे विचारण्याचा व्यापारी स्वभाव नेमका त्याच क्षणी कुठे जातो, कोण जाणे.

आता या हजार रुपयांसाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. खरी मेख तेथेच आहे. हजार रुपये डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचा राग येतो. मोठी तूट दिसत नाही. समजा दुरुस्तीचे बिल ५४,००० झाले. त्यात पत्र्याचे भाग २४,०००, बंपर आणि दिव्यासारखे प्लास्टिकचे भाग १६,०००, काच ४००० आणि मजुरी १०,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के घसारा कापला जातो, म्हणजे ६०००. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के, म्हणजे येथे ८०००. काचेवर घसारा नाही, मजुरीवरही नाही. कंपनी ५४,००० मधून १४,००० घसारा आणि १००० वजावट काढून ३९,००० देते. म्हणजे खिशातून १५,००० गेले. ‘झिरो डेप’ नावाची जोडपॉलिसी असेल तर घसाऱ्याचे चौदा हजार वाचतात. वजावटीचे हजार तरीही राहतात.

आणि अजून एक नुकसान आहे, ते पुढच्या वर्षी दारात येते. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात नो क्लेम बोनस मिळतो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की तो शून्यावर येतो. चूक दुसऱ्याची होती, असे सांगून तो परत मिळत नाही. आपल्या दुकानदाराचे हे चौथे वर्ष होते. पुढील नूतनीकरणाला त्याला ४५ टक्के सूट मिळणार होती आणि त्यानंतर ५०. मूळ हप्ता ९००० धरला आणि तो तसाच राहतो असे मानले, तर दाव्यानंतरच्या पाच वर्षांत त्याला सूट मिळेल ती शून्य, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के. फरक मोजला तर पहिल्या वर्षी ४०५०, मग २७००, २२५०, १३५०, ४५०, एकूण १०,८००. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता घटतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरी वजावटीच्या हजारापेक्षा तो कितीतरी पट मोठाच. बारा-पंधरा हजारांच्या दुरुस्तीसाठी विम्याचे दार ठोठावण्यापूर्वी हे गणित एकदा कागदावर मांडले, तर अनेक दावे मुळात केलेच जाणार नाहीत.

गॅरेजमध्ये या तुटीवर एक हमखास उपाय सुचवला जातो. “शेठ, काळजी करू नका. बिलात दोन-तीन वस्तू वाढवून देतो, तुमचे पैसे आपोआप निघतील.” सुचवणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. ऐकणाऱ्यालाही अनेकदा वाटत नाही, कारण मनात आधीच एक न्याय तयार झालेला असतो: चूक माझी नव्हती, मग पैसे मी का सोसावे? पण श्रावकाच्या व्रतांचा विचार ज्यांनी केला त्यांना हा मोह चांगला ठाऊक होता. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ हा एक अतिचार सांगितला आहे. खोटा लेख, खोटा दस्तऐवज करणे, असा त्याचा अर्थ. न बदललेल्या दिव्याचे बिल हा कूटलेखच. तो कोणत्या अन्यायाच्या भरपाईसाठी केला, याने त्याचे स्वरूप बदलत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो धोक्याचा आहे, कारण सर्व्हेअरच्या छायाचित्रांत जुना दिवा शाबूत दिसला तर हजाराच्या लोभापायी एकोणचाळीस हजारांचा दावा अडकतो.

तूट भरून काढण्याचा सरळ मार्ग वेगळा आहे आणि तो कायद्याने दिलेला आहे. मात्र आपल्या विमा कंपनीशी त्याचा संबंध नाही. तो पिकअपच्या मालकाकडे आणि त्याच्या विमा कंपनीकडे जातो.

पिकअपच्या दृष्टीने आपला दुकानदार ‘त्रयस्थ’ आहे. प्रत्येक वाहनाला त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे आणि त्यात त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसानही येते. पूर्वी कायद्याने सक्तीची मर्यादा फक्त ६००० रुपये होती. पण पॉलिस्या सामान्यतः चारचाकी वाहनांना साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकींना एक लाखापर्यंत मालमत्तेचे संरक्षण देत आल्या. यातही एक खाच आहे. हप्त्यात शे-दोनशे रुपयांची सवलत घेऊन ही मर्यादा परत सहा हजारांवर आणण्याची सोय दरपत्रकात ठेवलेली होती आणि मालवाहू गाड्यांच्या मालकांना ती भुरळ घालत असे. समोरच्याची पॉलिसी हाती आली की हा आकडा प्रथम पाहावा. सहा हजारांच्या वरची रक्कम तेव्हा मालकाच्या खिशातूनच यावी लागते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६५ आणि १६६ अन्वये अपघातात मालमत्तेचे नुकसान झालेला मालक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. हे न्यायाधिकरण केवळ मृत्यू आणि जखमांसाठी आहे, असा समज पुष्कळ सुशिक्षितांचाही असतो. तो चुकीचा आहे. अर्ज अपघात घडला तेथील, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे करता येतो. त्यामुळे मोखाड्याच्या हद्दीतील अपघातासाठी मोखाड्यातल्याच माणसाने परक्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज नाही. परंतु मुदत विसरता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. जुलैतल्या अपघाताची मुदत जानेवारीत भरते. मधे पर्युषण, नवरात्र, दिवाळीची विक्री आणि लग्नसराई असे सारे येऊन जाते, आणि कागद कपाटातच राहतो.

येथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे स्वतःच्या कंपनीकडे जायचेच नाही, पूर्ण ५४,००० न्यायाधिकरणात मागायचे. यात वजावट नाही, घसाऱ्याचा कंपनीचा तक्ता नाही, बोनसही शाबूत राहतो. पण दुरुस्तीचे पैसे आधी स्वतः घालावे लागतात आणि निकालाला किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. दुसरी वाट म्हणजे स्वतःच्या कंपनीकडून ३९,००० घेऊन गाडी लगेच रस्त्यावर आणायची आणि उरलेले १५,०००, शिवाय गाडी नव्हती त्या दिवसांचे भाडे, पावत्यांसह समोरच्याकडे मागायचे. बुडालेल्या बोनसची रक्कमही अर्जात लिहावी. ती मान्य होईलच असे मात्र गृहीत धरू नये. ज्याचे दुकान त्या गाडीवर चालते त्याला दुसरी वाट सोयीची. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेणे मात्र कोणत्याही वाटेने बसत नाही.

दुसऱ्या वाटेवर एक कागद सांभाळायचा असतो. कंपनी पैसे देताना ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर सही घेते. कधी सोबत अधिकार-हस्तांतराचे पत्रही असते. दुसऱ्याने केलेल्या नुकसानीची भरपाई विमा कंपनीने केली की तेवढ्यापुरते मालकाचे हक्क कंपनीकडे जातात, यास सबरोगेशन म्हणतात. पण कंपन्यांमध्ये ‘नॉक फॉर नॉक’ नावाचा समझोता रूढ आहे: तुमच्या ग्राहकाचे तुम्ही भरा, आमच्याचे आम्ही भरतो, एकमेकांवर दावे नकोत. कंपन्यांचा कोर्टखर्च त्यामुळे वाचतो. ग्राहकाची वजावट आणि घसारा मात्र या समझोत्यात कोणीच मागत नाही. ती मागायची तर ग्राहकाने स्वतःच. म्हणून सही करतानाच ‘कंपनीने दिलेल्या रकमेपुरते’ असे स्वच्छ अक्षरांत लिहावे आणि प्रत स्वतःकडे ठेवावी. एरवी प्रतिपक्षाचा वकील तीच पावती दाखवून विचारेल की पूर्ण भरपाई मिळाली असे तुम्हीच लिहून दिले, आता आणखी काय हवे?

मिळालेल्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींसमोर २०१० मध्ये इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या प्रकरणात आला होता. तेथे गाडी नव्हती, माल होता. गिरणीचे सूत वाहून नेणाऱ्या ट्रकला अपघात झाला, विमा कंपनीने गिरणीला भरपाई दिली आणि मग वाहतूकदाराकडून ती वसूल करण्याचा वाद उभा राहिला. निकालात सबरोगेशनचे प्रकार फोड करून सांगितले आहेत. त्यातील मूळ न्याय्य तत्त्व व्यापाऱ्याला सहज पटेल असे आहे. वेगळा करार केलेला नसेल तर वसूल झालेल्या रकमेतून आधी विमेदाराची न भरलेली तूट भरायची आणि उरेल ते विमा कंपनीला द्यायचे. आपल्या उदाहरणात पिकअपकडून वीस हजारच मिळाले, तर पहिले पंधरा हजार दुकानदाराचे आणि कंपनीचे पाच. पण ‘वेगळा करार केलेला नसेल तर’ ही अट महत्त्वाची. हस्तांतरपत्रात सारे हक्क कंपनीला दिल्याचे लिहून सही केली असेल तर हे तत्त्व बाजूला पडते. मालवाहतुकीचा विमा घेणाऱ्या आपल्यातील घाऊक व्यापाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांच्याकडून अशी पत्रे नेहमीच घेतली जातात.

पुराव्याचे म्हणाल तर घाटातल्या त्या पंधरा मिनिटांतच सारे ठरते. गाड्या हलवण्यापूर्वी दोन्हींची छायाचित्रे, रस्त्याची मधली रेषा आणि टायरच्या खुणा दिसतील अशी. पिकअपचा क्रमांक, चालकाचा परवाना, विम्याचा कागद. मोबाइलवरील एमपरिवहनमध्ये क्रमांक टाकला की विमा चालू आहे की नाही हे तेथेच कळते. नंतर पोलीस ठाण्यात नोंद. “लेखी कशाला, आपण आपसात मिटवू” हे वाक्य दोन्ही बाजूंना त्या वेळी गोड वाटते, आणि जखम कोणाला नसताना ठाण्याची पायरी चढणे जिवावर येते. पण नोंद नसली तर हात जोडून दिलेली कबुली सहा महिन्यांनी कोणाला आठवणार? वाहनाचा आणि त्या वेळी ते चालवणाऱ्याचा तपशील, भरपाई मागणाऱ्याला मागताच देणे हे पोलीस ठाण्याचे आणि नोंदणी अधिकाऱ्याचे कलम १६० प्रमाणे कर्तव्य आहे. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी असलेली सरकारी मदत मात्र मृत्यू आणि गंभीर दुखापतीपुरतीच आहे. चेपलेल्या पत्र्याला त्यात जागा नाही. अशा वेळी स्वतःचा विमा हाच एक आधार.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेकांना दावा फेटाळला गेल्यावरच कळते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते: नमुने आणि प्रवाशांचे स्वतःचे सामान सोडून मालाची वाहतूक त्यात बसत नाही. नाशिकहून येताना मागच्या आसनावर कापडाचे चार गठ्ठे टाकणे हा बाजारपेठेत नित्याचा प्रकार आहे. अपघाताच्या छायाचित्रात ते गठ्ठे दिसले, तर चूक समोरच्याची असूनही स्वतःच्या कंपनीला हात झटकण्यास कारण मिळते. दर्शनाहून येणाऱ्या कुटुंबाचा डबा आणि शाली वेगळ्या, खरेदीचा माल वेगळा.

समाजातील अनेक घरांतली मुले आज लंडनला, लेस्टरला आहेत. त्यांच्याकडे याच वजावटीला ‘एक्सेस’ म्हणतात आणि तेथेही ती चूक नसताना आधी स्वतःच भरावी लागते. फरक एवढाच की ती परत मिळवून देणे हा तेथे एक स्वतंत्र धंदा झाला आहे. न भरलेल्या नुकसानीच्या वसुलीसाठी पॉलिसीसोबत थोड्या पौंडांत कायदेशीर खर्चाचा विमा मिळतो, आणि इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे सामान्य दावे साध्या रीतीने, बहुधा वकिलाशिवाय चालतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे लोकअदालत. न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला की तो लोकअदालतीसमोर ठेवण्याची विनंती करता येते. विमा कंपन्यांचे अधिकारी तेथे तडजोडीच्या तयारीने येतात, आणि तेथील निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. पंधरा हजारांच्या दाव्याला याहून बरे स्थान नाही. विमा लोकपालाकडे मात्र या कामासाठी जाऊ नये. स्वतःच्या कंपनीने घसारा जास्त कापला, वजावट चुकीची लावली, अशी तक्रार असेल तर तो ऐकेल. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध आपल्याला तेथे उभे राहता येत नाही.

येथवर सारे सरळ आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर एक प्रश्न उरतो आणि तो कायद्याच्या पुस्तकात मिटत नाही.

समजा एमपरिवहनवर पाहिले आणि पिकअपचा विमा चार महिन्यांपूर्वीच संपलेला निघाला. कलम १९६ अन्वये चालकाला पहिल्या गुन्ह्याला २००० रुपये दंड होतो, पण त्या दंडातून दुकानदाराला काही मिळत नाही. न्यायाधिकरणाचा निवाडा आता विमा कंपनीवर नव्हे, गाडीमालकावर होणार. आणि हा मालक कोण? वावर-वांगणी हे नाव १९९२ मध्ये बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे सबंध महाराष्ट्राने ऐकले. त्या पाड्यांमधून आजही दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. त्यांतल्या एखाद्याने कर्ज काढून जुनी पिकअप घेतली, पावसाळ्यात खत आणि हिवाळ्यात मजूर वाहिले, आणि हप्ता व विमा यांपैकी एकच भरता आला तेव्हा हप्ता भरला. विमा न भरणे हा अपराधच. त्याच्या पिकअपखाली कोणी सापडले असते तर त्या कुटुंबाला कोणी काय दिले असते, हे विचारले की या अपराधाचे वजन कळते. तरी पंधरा हजारांसाठी त्याच्या गाडीवर जप्ती आणावी काय, हाही प्रश्न खराच.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. धाकटा म्हणतो, नियम तो नियम. आज सोडले तर उद्या तो पुन्हा विम्याशिवाय फिरेल. आजी म्हणते, अरे, पोरगा हात जोडून उभा होता, संवत्सरीला सगळ्या जिवांची क्षमा मागतोस आणि घाटातल्या माणसाला कोर्टात ओढतोस? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. परंतु क्षमा आणि हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे व्यापाऱ्याच्या घरात तरी विसरले जाऊ नये. मनात राग न ठेवणे ही क्षमा. ती विमा असलेल्याला आणि नसलेल्याला सारखीच द्यावी. विमा कंपनीकडून हक्काची रक्कम मागताना कोणाचाही द्वेष करावा लागत नाही. आणि विमा नसलेल्या गरिबाला पंधरा हजार सोडायचे असतील, तर पंधरा हजार आहेत हे जाणून सोडावे. पुष्कळदा घडते ते निराळेच. मुदत कधी गेली ते कळत नाही, पावतीवर काय लिहिले होते ते आठवत नाही, आणि मग त्या विसराळूपणालाच मोठ्या मनाचे नाव दिले जाते.

मधला एक मार्गही आहे, आणि लहान गावांत तो चालतो. पोलीस नोंद झालेली असावी, मग पिकअपच्या मालकाला बोलावून, दोन पंच बसवून, फक्त वजावट आणि घसाऱ्याची रक्कम किंवा तिचा जमेल तेवढा भाग हप्त्यांनी ठरवावा, तो मुद्रांक कागदावर लिहावा आणि पहिल्या हप्त्याच्या आधी त्याने गाडीचा विमा नव्याने काढल्याचा कागद दाखवावा, ही अट घालावी. धाकट्याचे समाधान त्या शेवटच्या अटीत आहे, आजीचे हप्त्यांत. तडजोड लेखी झाली की त्याच नुकसानीसाठी पुढे दावा करता येणार नाही, हे मात्र सही करण्यापूर्वी ओळखावे.

राहता राहिली वहीतली नोंद. गाडी पेढीच्या नावावर असेल तर कंपनीकडून मंजूर झालेले ३९,००० येणे दाखवावे, पण पिकअपकडून मिळू शकणारे १५,००० निवाडा किंवा लेखी तडजोड हाती येईपर्यंत येणे म्हणून धरू नयेत. तोवर तो दुरुस्तीचा खर्चच. दिवाळीच्या चोपडापूजनाआधी जुन्या वह्या मिटवताना त्या ओळीपाशी थांबावे लागते. मिळाले असतील तर जमेला तारीख आणि पावती क्रमांक. सहा महिन्यांची मुदत अजून उरली असेल तर शेवटचा दिवस समासात लाल शाईने. आणि घरच्यांनी मिळून सोडायचे ठरवले असेल तर रकमेपुढे ‘सोडले’ असे लिहून खाली त्या दिवसाची तिथी.